उरणाऱ्यांची यादी : प्रलय, पात्र आणि निवडणारा हात

१९७२ साली अमेरिकेत सिडनी सायमन, लेलंड हाउ आणि हॉवर्ड किर्शेनबाउम या तिघा शिक्षणतज्ज्ञांचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांना स्वतःची मूल्ये पारखून घेता यावीत म्हणून शिक्षकांनी वर्गात करवून घ्यावयाच्या कृतींचा तो संग्रह होता. त्यातील एक कृती पुढे पुस्तकापेक्षाही अधिक प्रसिद्धी पावली. तिची मांडणी अशी : तिसरे महायुद्ध पेटले आहे. विद्यार्थी वॉशिंग्टनमधील एका सरकारी खात्याचे अधिकारी आहेत आणि दूरवरच्या काही प्रायोगिक केंद्रांची जबाबदारी त्यांच्यावर आहे. अशा एका केंद्रावर दहा माणसे अडकली असून किरणोत्सर्गापासून बचाव करणाऱ्या तेथील तळघरात सहाच माणसांची सोय आहे. कोणती सहा माणसे आत घ्यावयाची, हे अर्ध्या तासात ठरवावयाचे आहे. कदाचित याच सहांपासून मानवजात पुन्हा उभी राहायची आहे.

दहा जणांची यादी लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. एक हिशेबनीस, त्याची सहा महिन्यांची गरोदर पत्नी, वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा जहाल विचारांचा कृष्णवर्णीय तरुण, बेचाळीस वर्षांचा नामवंत इतिहासकार-लेखक, हॉलिवुडची एक नटी, एक जीवरसायनशास्त्रज्ञ, चौपन्न वर्षांचा ज्यू धर्मगुरू, एक ऑलिंपिक खेळाडू, एक महाविद्यालयीन तरुणी, आणि बंदूकधारी पोलीस. पोलीस आणि बंदूक यांना परस्परांपासून वेगळे करता येणार नाही, अशी पुस्ती यादीकर्त्यांनी आवर्जून जोडली आहे.

नीतिशिक्षणाचे साधन म्हणून या कृतीवर जी टीका झाली तिच्याशी येथे कर्तव्य नाही. वाङ्मयविचाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ही दहा माणसे म्हणजे दहा काल्पनिक पात्रे आहेत, आणि प्रत्येकाचे सारे चरित्र एका ओळीत संपते. हिशेबनिसाच्या पत्नीला स्वतःचा व्यवसाय नाही. यादीतले तिचे स्थान नवऱ्याच्या नात्याने आणि उदरातल्या मुलाच्या आधाराने ठरलेले आहे. दहा जणांपैकी राजकीय मत केवळ कृष्णवर्णीय तरुणाला आहे; हिशेबनीस किंवा खेळाडू कोणत्या पक्षाचे, याची विचारणा कोणी करीत नाही. वय कोणाचे सांगावयाचे आणि कोणाचे झाकावयाचे, हेही लेखणीनेच ठरविलेले आहे. विद्यार्थी सहा नावांवर खुणा करतात तेव्हा निवडीचा मोठा भाग आधीच पार पडलेला असतो. ज्या हाताने दहा ओळी लिहिल्या तो हात मात्र यादीत नाही, तळघरातही नाही.

प्रलयानंतरच्या मानवजातीसाठी माणसे निवडण्याचा हा प्रकार फार जुना आहे, आणि त्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी पात्र या संकल्पनेचाच इतिहास आहे. त्याची हलकीफुलकी आवृत्ती वाचकांच्या मैफलीत आजही रंगते : जग बुडाले असून कथा-कादंबऱ्यांतील पाच-सात पात्रे घेऊन नवे जग वसवावयाचे आहे, तर कोणाला घ्याल? अवजारांसाठी रॉबिन्सन क्रूसो, बुद्धीसाठी शेरलॉक होम्स, अशी नावे चटकन पुढे येतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हेच होम्सला ठाऊक नव्हते, ही १८८७ च्या पहिल्याच कादंबरीतील गोष्ट अशा वेळी कोणाला आठवत नाही. 'कोसला'तील पांडुरंग सांगवीकराचे किंवा 'रणांगण'मधील चक्रधराचे नाव तर कोणी घेणारच नाही. वास्तविक मराठी कादंबरीने घडविलेल्या मोजक्या लक्षणीय माणसांत या दोघांची गणना करावी लागते. जे पात्र वाङ्मयीन दृष्ट्या मोलाचे ते यादीच्या दृष्टीने निरुपयोगी, असे का व्हावे?

या प्रश्नाचे सैद्धांतिक अंग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बऱ्यापैकी उलगडले गेले आहे. व्लादिमिर प्रॉपने १९२८ मध्ये रशियन परीकथांचे विश्लेषण करताना पात्राला त्याच्या कार्यापुरते अस्तित्व दिले. साहाय्यक हा साहाय्य करतो म्हणून साहाय्यक. एल. सी. नाइट्स याने १९३३ मध्ये लेडी मॅक्बेथला मुले किती, असा खोचक प्रश्न शीर्षकातच विचारून, नाटकातील पात्रांना नाटकाबाहेर काढून त्यांच्याविषयी तर्क करीत बसण्याच्या पद्धतीची खिल्ली उडविली. प्रलयाची यादी या दोन्ही चुका एकदम करते. पात्राला ती त्याच्या कृतीतून उपटून काढते, म्हणजे नाइट्सने ज्याची थट्टा केली ते करते. आणि उपटून काढलेल्या पात्राचे पुन्हा एक कार्य बनविते, म्हणजे प्रॉपने परीकथेसाठी केलेली मांडणी माणसांना लावते. पोलिसापासून वेगळी न होणारी बंदूक हे याचे बोलके उदाहरण होय. परीकथेतील जादूची वस्तूही अशीच तिच्या धारकाला चिकटलेली असते.

प्राचीन प्रलयकथांत मात्र ही चूक इतकी सरळ नाही. या कथा यादी करतात आणि त्याच वेळी यादीची लाजही राखत नाहीत. गिलगामेशच्या महाकाव्यातील अकराव्या मृत्तिकापट्टिकेवर उत्नपिष्टिम आपल्या नौकेत काय काय चढविले ते सांगतो : सोने, रुपे, सर्व जीवांचे बीज, स्वतःचे कुटुंब व आप्त, रानातली जनावरे, आणि सर्व तऱ्हेचे कारागीर. कौशल्य हे निवडीचे कारण म्हणून येथे इतक्या लवकर अवतरते, ही नोंद घेण्यासारखी बाब आहे. पण त्याच ठिकाणी आणखी एक तपशील आहे. नौका बंद करून देणाऱ्या कारागिराला उत्नपिष्टिम आपला राजवाडा, आतल्या सर्व चीजवस्तूंसह, देऊन टाकतो. तो राजवाडा लवकरच पाण्याखाली जाणार आहे. ज्याच्या कसबावर नौका तरली त्याला मिळालेले हे बक्षीस कथा कोणतेही भाष्य न करता सांगते आणि पुढे जाते. प्रलय ओसरल्यावर अमरत्व उत्नपिष्टिमला व त्याच्या पत्नीला लाभते. नौकेतील कारागिरांचे काय झाले याचा उच्चार नाही.

बायबलमधील नोहाच्या नौकेत आठ माणसे आहेत : तो, त्याची पत्नी, तीन मुलगे आणि तीन सुना. येथील निकष कौशल्याचा नसून नीतिमत्तेचा आहे, आणि नीतिमान फक्त नोहा आहे. उरलेले सात जण त्याच्या नात्याने नौकेत चढतात. पाणी ओसरल्यावर हा नीतिमान पुरुष द्राक्षमळा लावतो, मद्य पिऊन विवस्त्र पडतो, आणि मुलाने ते पाहिले म्हणून नातवाला, कनानला, दासांचा दास होशील असा शाप देतो. नव्या मानवजातीच्या दुसऱ्याच पिढीत दास्य जन्माला येते. पुढे कित्येक शतकांनी युरोप-अमेरिकेतील गुलामगिरीच्या समर्थकांनी आफ्रिकन लोकांना या शापाचे धनी ठरवून त्याचा पुरेपूर उपयोग केला, हा इतिहास सर्वज्ञात आहे. प्रलयातून उरलेल्याच्या तोंडून निघालेला शब्द इतर कोणाच्या शब्दापेक्षा जड असतो, कारण त्याला विरोध करणारे सगळे बुडालेले असतात.

आपल्याकडील मनूच्या कथेत हे अधिक स्पष्टपणे घडलेले दिसते. शतपथब्राह्मणातील सर्वांत जुन्या आवृत्तीत यादी नाहीच. सकाळी हात धुताना ओंजळीत आलेला मासा वाढत जातो, प्रलयाची सूचना देतो आणि मनूची नौका उत्तरेकडील पर्वताला नेऊन लावतो. सर्व प्रजा वाहून जाते. मनू एकटाच उरतो. सप्तर्षी नाहीत, बीजे नाहीत, पत्नीही नाही. प्रजेच्या इच्छेने तो पाण्यात तूप, दही वगैरेंची आहुती देतो आणि वर्षभराने त्यातून एक स्त्री वर येते. मित्र आणि वरुण तिला वाटेत गाठून कोण आहेस म्हणून विचारतात. आपण मनूची कन्या असे ती सांगते. आमची आहेस असे म्हण, ही त्यांची मागणी ती नाकारते. तिचे नाव इडा. तिच्या योगे मनूने जी प्रजा निर्माण केली ती ही मनूची प्रजा, असे ब्राह्मणकार सांगतो. महाभारताच्या वनपर्वात येईपर्यंत या कथेत यादी शिरलेली आहे. मासा मनूला सप्तर्षी आणि सर्व प्रकारची बीजे बरोबर घ्यावयास सांगतो. भागवतात मनूच्या जागी द्रविड देशाचा राजा सत्यव्रत येतो, ओषधी आणि बीजे येतात, ऋषी अर्थातच असतात. एकट्या माणसाच्या नौकेत हळूहळू ज्ञानाचे अधिकारी चढले आणि इडा खाली उतरली. या बदलाला धर्मेतिहासात निरनिराळी स्पष्टीकरणे देता येतील. कथनाच्या अंगाने पाहता ज्यांनी कथा पुढे सांगितली त्यांनी नौकेत आपल्यासाठी जागा करून घेतली, एवढे तरी दिसते.

मनुस्मृतीतील मनू हा स्वायंभुव आणि प्रलयातून तरलेला मनू हा वैवस्वत, म्हणजे परंपरेच्या गणनेत हे दोन निराळे मनू आहेत. पण नावाची ही एकता निरुपद्रवी नव्हे. मानव हा शब्दच ज्याच्यापासून निघाला त्याच्याच नावाने वर्णांची आणि स्त्रियांची नियमावली प्रसृत व्हावी, यात उरलेल्याच्या अधिकाराचा भार त्या नियमांना आपोआप मिळतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. त्या कृतीचे सामाजिक-राजकीय मोल सर्वांना माहीत आहे. तिचा कथनशास्त्रीय अर्थही नोंदवावयास हरकत नाही : मानवजातीच्या आरंभी कोण होता, आणि म्हणून नियम कोणी करावयाचे, ही संहिता ज्यांच्या पूर्वजांना कोणत्याही नौकेत जागा नव्हती त्यांनी त्या दिवशी अमान्य केली.

आधुनिक युरोपात देवाची निवड मागे पडली आणि उपयुक्ततेची पुढे आली. १७१९ चा रॉबिन्सन क्रूसो प्रलयातून नव्हे, फुटक्या जहाजातून उरतो. पण वाचकांनी त्याला प्रलयानंतरचा आदिपुरुष म्हणूनच वाचले. रूसोने १७६२ च्या 'एमिल'मध्ये आपल्या कल्पित शिष्याच्या हाती पहिले पुस्तक म्हणून हीच कादंबरी दिली, ती स्वावलंबनाचा पाठ म्हणून. या पाठातून काही पाने निसटतात. बेटावर पोहोचण्यापूर्वी क्रूसोने आपल्याबरोबर कैदेतून निसटलेल्या झूरी नावाच्या मुलाला एका पोर्तुगीज कप्तानाला साठ नाण्यांना विकलेले आहे. आणि ज्या सफरीत त्याचे जहाज फुटते ती सफर गुलाम आणण्यासाठी निघालेली आहे. क्रूसोचे कौशल्य खरे आहे, पण त्याच्या जहाजातून काढलेली अवजारे ज्यांनी घडविली ते लोहार-सुतार कादंबरीत कोठेच नाहीत. यादीत क्रूसोचे नाव लिहिताना त्याच्यामागचा हा सगळा समाज नौकेत घेतला जात नाही, आणि त्याच्या हाताखालचा फ्रायडे मात्र न सांगता घेतला जातो. मिशेल तूर्निए याने १९६७ मध्ये आणि जे. एम. कुट्सी याने १९८६ मध्ये ही कथा फ्रायडेच्या बाजूने उलटी वाचली ती काही उगीच नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी 'शेवटचा माणूस' हा विषय युरोपात एकाएकी फोफावला. ग्रँव्हिल या फ्रेंच लेखकाच्या १८०५ मधील मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या कृतीत पृथ्वी वांझ होत चालली असून ओमेगार आणि सिदेरी हे दांपत्य प्रजोत्पादनास समर्थ असे अखेरचे उरले आहे. मानवजात पुन्हा उभी करण्यासाठी याहून योग्य जोडी नाही. आणि नेमके याच जोडीने ते करू नये असे समजाविण्यासाठी खुद्द आदामाला पृथ्वीवर पाठविण्यात येते. पहिला बाप शेवटच्या पित्याला थांबवावयास येतो, ही कल्पना आजही अंगावर येते. कृती म्हणून ती अवजड आहे, हेही कबूल करावे लागेल.

मेरी शेलीच्या १८२६ मधील 'द लास्ट मॅन'ची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. एकविसाव्या शतकाच्या अखेरीस महामारीने जग ओस पडते, असे तिचे कथानक. ही कादंबरी लिहिताना मेरीने तीन अपत्ये, पती आणि मित्र बायरन, इतकी माणसे गमावलेली होती. कादंबरीतील एड्रियनमध्ये शेलीची आणि रेमंडमध्ये बायरनची छाया आहे, याविषयी अभ्यासकांत दुमत नाही. म्हणजे मेरीपुढेही एक यादी होती आणि तीत तिच्या पिढीतील सर्वांत प्रतिभावान माणसे होती. काल्पनिक जगात त्यांना वाचविणे तिच्या हाती होते. तिने वाचविले नाही. एड्रियन कादंबरीतही समुद्रात बुडतो, जसा शेली १८२२ मध्ये बुडाला. उरतो तो लायोनेल व्हर्नी : पोरका, एके काळचा मेंढपाळ, चोरून शिकार करणारा, इतरांच्या सहवासात सुसंस्कृत झालेला. तो श्रेष्ठ म्हणून उरत नाही. उरला म्हणून त्याला सांगावे लागते. ओसाड रोममधून तो एक कुत्रा आणि काही पुस्तके घेऊन नौकेत बसतो. पुस्तकांत होमर आणि शेक्सपिअर आहेत. ही नौका भरताना निवड पात्रांची होत नाही, ग्रंथांची होते. आणि त्या ग्रंथांना वाचक फक्त एक आहे. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा समीक्षकांनी तिची निर्भर्त्सना केली, आणि जवळजवळ दीडशे वर्षे ती वाङ्मयेतिहासाच्या तळाशी पडून राहिली.

त्या शतकाच्या अखेरीस यादीचा खरा तत्त्वज्ञ अवतरला. एच. जी. वेल्सच्या १८९८ च्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये मंगळवासीयांनी लंडन उद्ध्वस्त केल्यावर निवेदकाला पटनी टेकडीवर एक तोफखान्यातला सैनिक भेटतो. त्याच्याजवळ नव्या मानवजातीची संपूर्ण योजना तयार आहे. धडधाकट, स्वच्छ मनाचे स्त्री-पुरुष गटारांत आणि भुयारांत राहतील. दुबळ्यांनी व निरुपयोगी माणसांनी मरावे, नव्हे, स्वखुशीने मरावे. ग्रंथ वाचवावयाचे, पण विज्ञानाचे; कथा-कविता नकोत. निवेदक भारून जातो, आणि वाचकही काही पृष्ठे भारून जातो, कारण वेल्स स्वतःही अशा निवडक जगाकडे ओढला जाणारा लेखक होता. मग निवेदक सैनिकाचे प्रत्यक्ष काम पाहतो : आठवडाभर खणून जेमतेम दहा यार्डांचे भुयार झाले आहे. सैनिक शॅम्पेन काढतो, सिगार पेटवितो, पत्ते मांडतो. भावी मानवजातीच्या निवडीचा हा अध्याय पत्त्यांच्या डावात विरतो. पुढच्या काळात वेल्सने स्वतःच्या कल्पनाराज्यांत या सैनिकाची योजना निरनिराळ्या सभ्य रूपांत पुन्हा पुन्हा मांडली. कादंबरीकार वेल्सने एकाच प्रकरणात जे ओळखले होते ते विचारवंत वेल्सला नेहमी लक्षात ठेवता आले नाही.

सैनिकाची योजना विसाव्या शतकात मरगळली नाही; तिला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली. एडविन बामर आणि फिलिप वायली यांच्या १९३३ च्या 'व्हेन वर्ल्ड्स कोलाइड'मध्ये दुसऱ्या ग्रहाच्या धडकेने पृथ्वी नष्ट होणार असून शास्त्रज्ञांचा एक गट गुपचूप यान बांधतो आणि त्यात बसण्याजोगी माणसे आपणच निवडतो. बुद्धी, आरोग्य आणि वंश यांची ती निवड वाचताना, सुप्रजननवादाला विद्यापीठांत मान होता आणि जर्मनीत त्याच साली सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा झाला, हे विसरता येत नाही. १९५१ च्या चित्रपटात यान बांधणाऱ्यांतून चिठ्ठ्या टाकून प्रवासी निवडले जातात आणि ज्यांच्या चिठ्ठ्या निघत नाहीत ते बंड करतात. मधल्या महायुद्धाने आणि त्यातील छळछावण्यांनी निवड या शब्दाला जो अर्थ आणून दिला तो या फरकामागे असावा. १९६४ मध्ये स्टॅन्ली कुब्रिकने 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'च्या अखेरीस सगळ्याच परंपरेचा निकाल लावला. खाणींच्या तळाशी कोण राहणार हे यंत्र ठरवील. तारुण्य, आरोग्य, बुद्धी, प्रजननक्षमता हे निकष. एका पुरुषामागे दहा स्त्रिया. आणि अर्थातच शासनातले व सैन्यातले वरिष्ठ आत असतील. येथे पहिल्यांदाच यादी करणाऱ्याने स्वतःचे नाव यादीत उघडपणे घातले आहे. आठच वर्षांनी हीच यादी, विनोद वगळून, शाळेच्या वर्गात गेली.

या धारेला समांतर अशी दुसरी धार आहे. तिच्यात प्रलय होतो, पण यादी प्रलयाआधीच फाडली गेलेली असते. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्या १९२० च्या 'डार्कवॉटर' या संग्रहातील धूमकेतूची कथा तिचा उत्तम नमुना होय. न्यूयॉर्कमधील एका बँकेतील कृष्णवर्णीय निरोप्या, जिम, याला तळघराखालच्या जुन्या कोठडीत पाठविले जाते. अधिक मोलाच्या माणसांना तेथे पाठविणे धोक्याचे आहे, असा त्याचा कयास. तेवढ्यात धूमकेतूच्या विषारी वायूने शहर मरते. जो मोलाचा नाही म्हणून खाली पाठविला गेला तोच उरतो. त्याला ज्युलिया ही श्रीमंत गोरी तरुणी भेटते. छायाचित्रे धुण्यासाठी अंधाऱ्या खोलीत कोंडून घेतल्यामुळे तीही वाचलेली आहे. रात्र होता होता दोघे एकमेकांना शेवटचा पुरुष आणि शेवटची स्त्री, म्हणजेच पहिला पुरुष आणि पहिली स्त्री, म्हणून पाहू लागतात. इतक्यात तिचा बाप आणि तिचा प्रियकर येऊन पोहोचतात. फक्त न्यूयॉर्क मेले आहे. उरलेले जग, त्याच्या वर्णभेदासकट, शाबूत आहे. जिमला बक्षीस म्हणून पैसे दिले जातात. मग गर्दीतून त्याची पत्नी येते, तिच्या हातात मेलेले मूल आहे. माणुसकी नव्याने सुरू व्हावी यासाठी संपूर्ण जगाच्या विनाशाची अट घालावी लागते आणि तीही पुरी होत नाही, इतका कडवट विचार त्या काळी दुसऱ्या कोणी इतक्या थोडक्यात मांडलेला दिसत नाही.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या कारेल चापेकच्या 'आर. यू. आर.' या चेक नाटकात यंत्रमानव सर्व माणसांना मारतात आणि एकट्या आल्क्विस्टला जिवंत ठेवतात, कारण तो त्यांच्याप्रमाणे हातांनी काम करतो. निवड आता उलट्या बाजूने होते आहे. निकष मात्र उपयुक्ततेचाच. यंत्रमानवांच्या निर्मितीचे सूत्र नष्ट झालेले असते आणि ते शोधून काढण्यासाठी आल्क्विस्टला एका यंत्रमानवाची चिरफाड करणे भाग असते. प्रिमस आणि हेलेना या दोघांपैकी एकाला घ्यावयाचे म्हटल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याच्या जागी स्वतःला पुढे करतो. आल्क्विस्ट शस्त्र खाली ठेवतो आणि दोघांना जाऊ देतो. आपल्या सोबत्याला निवडले जाऊ नये म्हणून जे उभे राहिले त्यांच्यापासून पुढची सृष्टी होणार आहे, आणि ते माणसेही नाहीत. प्रसंग भावुकतेच्या काठावरचा आहे. रंगभूमीवर तो तोल सांभाळणे नटांना सोपे नसणार.

कादंबरीच्या संथ अवकाशात हाच प्रश्न जॉर्ज स्ट्युअर्टच्या १९४९ च्या 'अर्थ अबाइड्स'ने हाताळला. रोगाने अमेरिका निर्मनुष्य झाल्यावर ईश हा भूगोलाचा विद्यार्थी डोंगरातून परततो; सर्पदंशाने आजारी पडलेला असतानाच सारे घडून गेलेले असते. त्याच्या हाती काही वर्षांत एक छोटी टोळी येते. त्याची जोडीदारीण एम हिच्या वंशात कृष्णवर्णीय पूर्वज आहेत. ही माहिती जुन्या जगात संकट ठरली असती; येथे ती हसण्यावारी जाते. टोळीतली माणसे सामान्य आहेत, हे ईशला सतत खुपते. विद्यापीठाचे ग्रंथालय तो जपून ठेवतो, मुलांना वाचावयास शिकवू पाहतो, आणि अखेर सगळी आशा एका मुलावर ठेवतो. जोई हा त्याचा धाकटा मुलगा, एकमेव वाचणारा. वाचकालाही वाटते की निवड अचूक आहे. बाहेरून आलेल्या एका माणसामागोमाग विषमज्वर येतो आणि जोई मरतो. पुढची पिढी नाण्यांचे ठोकून बाणांची टोके करते आणि बऱ्यापैकी सुखी असते. ग्रंथालय शाबूत राहते, कारण तिकडे कोणी फिरकत नाही. स्ट्युअर्टने ईशला मूर्ख ठरविले नाही, हे त्याच्या संयमाचे गमक होय. ज्ञान टिकावे ही त्याची तळमळ रास्तच आहे; ते एका निवडलेल्या वारसाच्या खांद्यावर ठेवता येईल, हा त्याचा हिशेब चुकतो.

यानंतर मनूकडे परतणे अपरिहार्य आहे, कारण भारतीय भाषांत या प्रश्नाचा सर्वांत महत्त्वाकांक्षी विचार जयशंकर प्रसादांच्या १९३६ च्या 'कामायनी' या हिंदी महाकाव्यात झाला आणि त्याची सर्वांत कठोर चिकित्सा मराठी मातृभाषा असलेल्या एका हिंदी कवीने केली. पंधरा सर्गांच्या या काव्याचा आरंभ हिमालयाच्या शिखरावर बसून ओसरत्या जळाकडे पाहणाऱ्या मनूपासून होतो. बुडाली ती विलासात दंग असलेली देवजाती, मनू तिच्यातलाच. त्याची निवड कोणत्याही गुणासाठी झालेली नाही. श्रद्धा भेटते, संसार सुरू होतो. पण ती होणाऱ्या अपत्यात रमू लागताच मनूला मत्सर वाटतो आणि तो तिला गरोदर अवस्थेत सोडून जातो. सारस्वत प्रदेशात इडेच्या साहाय्याने तो नगर वसवितो, श्रमविभाग करतो, नियम करतो. मग नियम करणारा आपण, तेव्हा आपण नियमांच्या वर, असे म्हणत इडेवरच अधिकार गाजवू पाहतो. प्रजा बंड करते. मनू घायाळ होऊन पडतो. ब्राह्मणग्रंथात मनूला जन्मदाता मानून त्याची प्रजा वाढविणारी इडा येथे त्याच्या हातून आपले अंग सोडवून घेते. प्राचीन कथेत झाकलेला ताण प्रसादांनी असा उघडा केला, ही त्यांच्या प्रतिभेची झेप आहे.

प्रसादांनी स्वतः प्रास्ताविकात मनू म्हणजे मन, श्रद्धा म्हणजे हृदय, इडा म्हणजे बुद्धी, अशा रूपकाला वाट ठेवली होती, आणि बहुतेक समीक्षकांनी त्या वाटेने जाणे पसंत केले. गजानन माधव मुक्तिबोधांनी १९६१ च्या 'कामायनी : एक पुनर्विचार' या ग्रंथात ती वाट अडविली. मराठी वाचकांना शरच्चंद्र मुक्तिबोधांचे हे थोरले बंधू निराळे सांगावयास नकोत. त्यांच्या मते 'कामायनी' ही एक विशाल फँटसी असून तिच्यात प्रसादांच्या काळाचे वास्तव दडलेले आहे. मनू हे सनातन मन नाही, तो एका विशिष्ट वर्गाचा, आत्मकेंद्रित आणि सत्तालोलुप व्यक्तिवादाचा प्रतिनिधी आहे. मनाचे रूपक मान्य केले की मनूचा अपराध सर्वांचा होतो आणि त्यामुळे कोणाचाच राहत नाही. मुक्तिबोधांनी पात्राला त्याचा इतिहास परत दिला. यादी जे हिरावून घेते ते हेच असते. अर्थात मुक्तिबोधांचे वाचनही कधी कधी पात्राला वर्गाच्या एका ओळीत बसवू पाहते. श्रद्धेविषयीची त्यांची नाराजी काव्यातील तिच्या प्रत्यक्ष कष्टांकडे पुरेशी पाहत नाही. सूत कातणारी, झोपडी उभारणारी, मूल एकटीने वाढविणारी श्रद्धा ही हृदयाचे रूपक होऊन उरत नाही.

काव्याच्या उत्तरार्धात श्रद्धा मनूला शोधून काढते, आपला मुलगा मानव याला इडेच्या हवाली करते आणि मनूला घेऊन कैलासाच्या वाटेला लागते. मुक्तिबोधांना हा शेवट पलायनाचा वाटला. तो आक्षेप मान्य केला तरी एक गोष्ट शिल्लक राहते. मानवजात पुन्हा वसविण्यासाठी जो उरला होता त्याला कवीने ते काम सोडावयास लावले, आणि राज्य अशा दोघांकडे दिले ज्यांपैकी एकानेही प्रलय पाहिलेला नाही असा मुलगा आहे आणि दुसरी मनूला नकार दिलेली स्त्री आहे. तिसरा पक्ष सारस्वत नगराच्या प्रजेचा. तिने शेती केली, धातू वितळविले, घरे बांधली आणि नियामकाविरुद्ध शस्त्र उचलले. मनूच्या नौकेत ती नव्हती, मनूची ती अपत्येही नव्हती. प्रसादांनी तिच्यातील कोणाला स्वतंत्र व्यक्तिरेखा दिली नाही. त्यांच्याकडे जाणारा 'संघर्ष' हा सर्ग मात्र आनंदाच्या चार सर्ग अलीकडे तसाच उभा आहे.